आवाज पिणारी खोली

"आरसा जरा डावीकडं सरकवा तात्या. अजून थोडा. हां, थांबा! दिसले बाबा."

भिंतीला आरसा टेकवून मी खेकड्यासारखा आडवा चालत होतो. खोलीच्या मधोमध खुर्चीवर रंगनाथबुवा कित्तुरे बसलेले. त्यांच्यासमोर माईक आणि माईकच्या मागं वाकून, एक डोळा मिटून आरशात बघणारी त्यांची मुलगी ऋजुता. आरशात जिथं बुवांचं तोंड दिसेल तिथं मी पेन्सिलीनं फुली मारायची, असा आमचा खेळ चालला होता.

"बाबांचा आवाज भिंतीवर आपटून माईककडं येतो तो नेमका ह्या जागेवरून," ऋजुता म्हणाली. "म्हणून पॅनल इथंच बसवायचं. आवाज आपटायच्या आधीच गिळून टाकायचा."

"बुवांचा आवाज एवढ्याशा पॅनलला गिळवेल होय?" मी म्हणालो. "त्याला अजीर्ण होईल की."

बुवा खूश होऊन हसले. "मगदूम, तुमची जीभ अजून तशीच आहे म्हणायची."

आरशात त्यांचं उघडं तोंड, पान खाऊन लाल झालेली जीभ आणि वरचा सोन्याचा दात स्पष्ट दिसत होता. त्या तोंडावर मी फुली मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. तेव्हा माझं वय एकसष्ट आणि इचलकरंजीत माझं गाद्यांचं दुकान होतं. आमच्या भागातले निम्मे लोक माझ्या गादीवर जन्मले आणि उरलेले निम्मे माझ्या गादीवरून उठायला तयार नसत. एका पैलवानाला मी अशी गादी करून दिली की तो मंगळवारी झोपला तो शुक्रवारी उठला, आणि त्याची कुस्ती गुरुवारी होती. हे खोटं वाटत असेल तर त्या पैलवानाला विचारा. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तर बुवांची पंचाहत्तरी जवळ आली होती. ऋजुता पुण्याला ध्वनिमुद्रणाचं शिकून आलेली. तिनं ठरवलं, घरातल्या वरच्या खोलीचाच स्टुडिओ करायचा आणि बाबांची सगळी भजनं कायमची धरून ठेवायची. पॅनल तयार मिळतात, पण पोरगी हुशार. तिच्या लक्षात आलं की पॅनल म्हणजे भिंतीला टांगलेली गादीच. लाकडाची चौकट, तिच्यात चार इंच जाडीची दाबलेली लोकर आणि वर ताणून चढवलेलं कापड. चौकटी सुतार करील, पण कापड एकही सुरकुती न पाडता चढवायचं तर त्याला गादीवाल्याचाच हात हवा. म्हणून ती माझ्या दुकानात आली.

ती कुणाची मुलगी हे कळल्यावर मी हातातला दाभण खाली ठेवला आणि म्हणालो, "करतो की. मन लावून करतो."

कारण बुवांच्या घराचं दार आपल्याला उघडावं म्हणून अठरा वर्षं मी वाट बघत होतो.

नदीकाठच्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन असायचं. बुवा म्हणजे मंडळाचे पुढारी. माझी बायको सुगंधा त्यात गायची. मला गाण्यातलं काही कळत नाही. मला तबला आणि टरबूज ह्यात फरक कळतो तो वजनानं. पण सुगंधा गायला लागली की रस्त्यावरची सायकल हळू व्हायची, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. घरातसुद्धा ती गातच असायची. तांदूळ निवडताना गायची, उशांचे अभ्रे शिवताना गायची. तिच्या मशिनीचा टकटकाट म्हणजे तिचा तबला.

त्या सोमवारी तिनं एकटीनं वरचा सूर धरला. बुवांनी तिच्या सुरात सूर मिसळला आणि दोन सूर एकमेकांना घासले. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. बुवांनी हात वर करून तबला थांबवला आणि शंभर माणसांदेखत म्हणाले, "बाई, तुमचा सूर लागत नाही. तुम्ही टाळ धरा."

मंडपात हशा पिकला.

सुगंधानं टाळ धरले. भजन संपेपर्यंत वाजवले, घरी आली, टाळ फडताळात ठेवले आणि त्या दिवसापासून तिचं गाणं बंद झालं. देवळात बंद, घरात बंद. नात झाली तर तिला झोपवतानासुद्धा नुसती थोपटायची. अठरा वर्षं घरात मशिनीचा टकटकाट, पण त्याच्यावर गाणं नाही. नुसता तबला ऐकत जगायचं म्हणजे काय ते मला विचारा.

तेव्हा बुवांचं काम मी घेतलं ते का, हे तुम्हाला कळलं असेल. कसं, ते पुढं सांगतो.

घरी येऊन मी सांगितलं, "कित्तुरेबुवांच्या वरच्या खोलीचं काम घेतलंय."

सुगंधा भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"कशाला?"

"धंदा आहे. कशाला म्हणजे काय?"

"धंदा आहे तर मग मिशीत कशाला हसताय?"

"मिशी माझी आहे."

"मिशी तुमची, पण हसणं मला माहितीये," ती म्हणाली. "अभ्रे मीच शिवणार ना?"

"तुझ्यासारखं सरळ शिवणारं दुसरं कोण आहे? पण तुला नको असेल तर..."

"मापं आणा," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, तिलाही आतून गोड लागतंय.

ऋजुताच्या नकाशात नऊ पॅनल होती. फुल्या मारल्या तिथं सहा, दोन कोपऱ्यांत जाडजूड दोन आणि डोक्यावर छताला एक. बाकीची भिंत उघडी. तिनं मला समजावून सांगितलं होतं, "तात्या, सगळा आवाज गिळायचा नसतो. थोडा खोलीत खेळू द्यायचा, नाहीतर गाणाऱ्याचा जीव गुदमरतो." मला ते एकदम पटलं. एवढं पटलं की रात्रभर मी त्याच एका वाक्याला उशी करून झोपलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक चुकीचं काही मागत असलं तर त्याला एकदा सांगायचं. एकदाच. दुसऱ्यांदा सांगितलं तर तो भांडण समजतो, आणि एकदाही सांगितलं नाही तर ती बेइमानी. माझ्या वडिलांनी ही रीत पाळली, मी पाळली. पण सांगायचं कसं, हे मात्र रीतीत कुठं ठरवून दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋजुता बाजारात गेली होती. मी बुवांच्या पायाशी बसलो आणि आवाजात लोणी घातलं.

"बुवा, पोरीनं नऊच पॅनल काढलीत. पुरे झाली. आपल्या गावाच्या मानानं पुष्कळ."

"गावाच्या मानानं म्हणजे?"

"म्हणजे मुंबई-पुण्याला मोठमोठे गवई असतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खोल्यांना म्हणे भिंत दिसतच नाही. वरपासून खालपर्यंत पॅनलच पॅनल. आपल्याला कशाला तसलं?"

बुवांनी पान तोंडात फिरवायचं थांबवलं.

"आणि हे मागांचे आवाज?" त्यांनी खिडकीकडं बोट केलं. खाली गल्लीत यंत्रमाग खडखडत होते. "नऊ पॅनलांनी हे थांबतील?"

इथं मी रीत पाळली. छातीवर हात ठेवून सांगतो, पाळली. "बुवा, एक सांगतो. ही पॅनल बाहेरचा आवाज अडवत नाहीत. ती फक्त आतला आवाज पितात. सगळी खोली मढवलीत तर गाणाऱ्यालाच त्रास होईल, असं तुमची मुलगी म्हणते."

"मुलगी म्हणते!" बुवा म्हणाले. "पन्नास वर्षं गातोय मी. मला त्रास होईल? मगदूम, भिंतीचा तसूभर तुकडा दिसता कामा नये. छतसुद्धा. दारसुद्धा."

"पण बुवा, नकाशा..."

"नकाशा कुणाचा आणि गळा कुणाचा?"

"गळा तुमचा," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तसं."

आणि मी उठलो. एकदा सांगून झालं होतं.

आता पोटातली गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी, ती भजनाला जायची तेव्हा, एकदा देवळातून येताना सुगंधा सहज म्हणाली होती, "बुवांचा वरचा सा उतरतो. पण मंडप सांभाळून घेतो त्यांना." महादेवाचा मंडप काळ्या दगडाचा. तिथं आवाज सोडला की तो चारी खांबांना फेरी मारून, नटूनथटून परत यायचा. जाताना अंगावर ठिगळ असलं तरी येताना भरजरी शेला. बुवांची पन्नास वर्षं त्या खांबांनी खांद्यावर वाहिली होती. त्यांनी दुसरीकडं कुठं गायलं नाही. आमंत्रणं आली की म्हणायचे, मी फक्त महादेवासाठी गातो.

मला फक्त खांब काढून घ्यायचे होते. तेही त्यांच्याच हुकमानं.

ऋजुता भांडली. "बाबा, खोली मरेल!" बुवा म्हणाले, "तुझं वय किती?" पोरीनं नकाशा गुंडाळून ठेवला.

सव्वा महिना काम चाललं. चौतीस पॅनल. सुगंधानं राखी रंगाच्या कापडाचे अभ्रे असे शिवले की टाका शोधायला भिंग लागावं. मी लोकर कापायचो तेव्हा नाकाला फडकं बांधायचो, तरी अंगाला खाज सुटायची. खाजवत खाजवत मी हसायचो. प्रत्येक चौकट सरळ आहे का ते पाणपातळीनं बघून बसवली. आयुष्यात मी एवढं चोख काम केलेलं नाही. कुणी म्हणायला नको, गादीवाल्यानं घात केला. घात असा करावा की त्याच्यावर हमीपत्र देता आलं पाहिजे.

शेवटचं पॅनल दारावर चढलं आणि मी आत उभा राहून टाळी वाजवली. हात एकमेकांना लागले की नाही, अशी शंका आली. पुन्हा वाजवली. टाळी जन्मली तिथंच मेली. एक डास आत आला, त्याला स्वतःचं गाणं ऐकू येईना. बिचारा दोनदा माझ्या कानाशी येऊन खात्री करून गेला आणि दाराच्या फटीतून बाहेर पडला.

मागांची सुट्टी असते त्या दिवशी दुपारी मुद्रण ठरलं. मी मुद्दाम गेलो. एका कापडाचा कोपरा सैल आहे, असं निमित्त सांगितलं. सुगंधालाही यायला सांगितलं होतं, सुईदोरा घेऊन ये म्हणून. तिनं बघावं, अशी माझी इच्छा होती.

बुवा नवं धोतर, नवा सदरा घालून आले. कपाळाला भस्म. त्यांनी गळा साफ केला आणि चमकून मागं बघितलं, जणू दुसराच कुणी खाकरला.

"सुरू करूया बाबा," ऋजुता म्हणाली. तिच्यासमोर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. टेबलावर तिनं फोन उभा करून ठेवला होता. त्यात वजनकाट्यासारखा एक काटा. सूर बरोबर लागला की काटा मधोमध उभा राहतो आणि हिरवा होतो. हे मला तिनंच दाखवलं होतं. गाणं न कळणाऱ्या माणसासाठी देवानं अशा सोयी करून ठेवल्यात.

बुवांनी पहिला आलाप घेतला. खालचे सूर बरे गेले. मग ते वर चढले. वरच्या सा ला पोचले आणि मंडपात जसे डोळे मिटून थांबायचे, तसे थांबले, आवाज फेरी मारून परत येण्याची वाट बघत.

काहीच परत आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. फोनवरचा काटा डावीकडं कलून थरथरत होता, म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारखा.

"पुन्हा घेऊ," बुवा म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा काटा डावीकडं. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला तर आवाज चिरकला, आणि तो चिरका आवाज त्या खोलीत असा उघडा पडला, जणू भर चौकात कुणाचं धोतर सुटलं. चौथ्यांदा पाणी मागितलं. पाचव्यांदा तंबोऱ्याच्या मशीनला शिव्या घातल्या. सहाव्यांदा म्हणाले, "मला ऐकव, काय आलंय ते."

ऋजुता म्हणाली, "बाबा, आज राहू दे ना."

"ऐकव!"

तिनं ऐकवलं. पंचाहत्तरी गाठलेला माणूस स्वतःचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. मी भिंतीला टेकून, हातात सुई धरून उभा होतो. माझ्या पोटात साखर विरघळत होती.

"हा आवाज माझा नाही," बुवा म्हणाले.

"बाबा, नंतर घुमारा घालता येतो," ऋजुता घाईघाईनं म्हणाली. "देवळात गायल्यासारखं वाटेल. आणि वरचा सा जिथं थोडा... तो कॉम्प्युटरवर सरळही करता येतो. सगळेच करतात हल्ली."

पोरीनं मायेनं म्हटलं, पण ते बुवांच्या वर्मी लागलं. माझ्याच्यानं अठरा वर्षांत असा वार झाला नसता.

"माझा सूर मशीन सरळ करणार?" ते उठले. आणि त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "तू! तू काय भरलंयस भिंतीत? फोड! एकेक पॅनल फोडून दाखव मला!"

"बुवा, तुमच्या हुकमाप्रमाणं..."

"फोड म्हणतो ना!"

मी शांतपणे एक पॅनल उतरवलं. मागच्या टाचण्या काढल्या, कापड उलटं केलं. आत सुबक कापलेली लोकर, पेढ्याच्या खोक्यासारखी. बुवांनी तिच्यात बोटं खुपसून चाचपली. काही सापडेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सुगंधा दारात आली. हातात पिशवी, पिशवीत दोऱ्याची रिळं. तिनं उघडलेलं पॅनल बघितलं, बुवांकडं बघितलं, मग माझ्या मिशीकडं.

ऋजुता रडवेली झाली होती. तिला कुठून तरी बाबांना वाचवायचं होतं. म्हणाली, "काकू, तुम्हाला गाता येतं का हो? नुसता एक सूर. खोलीचाच दोष आहे का ते बघायचंय."

"हो, गाऊ दे," बुवा घाम पुसत म्हणाले. "ह्यांचा तर देवळातसुद्धा सूर लागत नव्हता. इथं काय लागतोय ते दिसेल सगळ्यांना."

हे मी त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं. ते आपल्या पायानं चालत आले होते.

सुगंधानं पिशवी खाली ठेवली. पदर सारखा केला. माईकपासून दोन हात लांब उभी राहिली आणि डोळे उघडे ठेवूनच नुसता 'आ' लावला.

आवाज म्हातारा झाला होता. त्याला धूळ लागली होती, मधेच एखादा दोरा उसवल्यासारखा खरखरला. पण ती पायरी पायरीनं वर गेली, वरच्या सा वर गेली आणि तिथं थांबली. तिनं कशाचीही वाट बघितली नाही. त्या मेलेल्या खोलीत तो सूर ठोकलेल्या खिळ्यासारखा उभा राहिला. फोनवरचा काटा मधोमध. हिरवागार.

ऋजुतानं हेडफोन काढून हातात धरले. बुवा खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खाली गेले.

सूर थांबला. आता माझी पाळी होती. अठरा वर्षं मी एक वाक्य जिभेखाली ठेवून चघळलं होतं. बुवांच्या समोर जाऊन म्हणायचं, बुवा, तुमचा सूर लागत नाही, तुम्ही टाळ धरा. मी एक पाऊल पुढं टाकलं, छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका," सुगंधा म्हणाली.

ती माझ्याकडं बघत नव्हती. बुवांकडं बघत होती.

"बुवा, तुमच्यावर माझा राग नाही. सूर कुणाचा उतरला होता ते तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं, मलाही माहीत होतं. गाणाऱ्या माणसांचं एवढं चालायचंच. पुढच्या सोमवारी मी पुन्हा येऊन गाणार होते. घाबरले नव्हते मी तुम्हाला."

"मग आला का नाही?" बुवांनी विचारलं. आवाज इतका बारीक की पॅनलांनी तो निम्मा पिऊन टाकला.

"तुम्ही टाळ धरा म्हणालात तेव्हा कुणीच हसलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळा मंडप गप्प होता. मग पुरुषांच्या रांगेतून हे बोलले. तुम्हाला आठवत नसेल. ह्यांनाही आठवत नाही, असं हे दाखवतात."

माझ्या हातातली सुई बोटात रुतली.

"हे म्हणाले, जाऊ दे बुवा, तिचा आवाज दबलाय, घरी नेऊन पुन्हा पिंजून आणतो, दोन उशा तरी निघतील. तेव्हा हसले सगळे. बायकासुद्धा हसल्या. माझी सख्खी बहीण हसली. माझ्या घरचं माणूसच माझ्या गळ्यावर हसलं, मग गायचं कुणाच्या घरात?"

वर मी तुम्हाला सांगितलं, मंडपात हशा पिकला. कसा पिकला ते सांगितलं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला थोडं झाकायची मुभा असते. पण त्या खोलीत काही झाकलं जात नव्हतं. प्रतिध्वनी नाही, गुणगुण नाही, रस्त्यावरचे माग बंद. तिचा एकेक शब्द निघाला तसा सरळ माझ्यापर्यंत आला. त्यातला एकही कुठं आपटून बोथट झाला नाही. असं काम मीच केलं होतं, चौतीस पॅनल, पाणपातळीनं बघून.

मला तेव्हा वातावरण हलकं करायचं होतं, असं मी म्हणणार होतो. बुवा चिडू नयेत म्हणून बोललो, असंही म्हणणार होतो. पण मी खाली बसलो आणि फोडलेल्या पॅनलच्या टाचण्या वेचायला लागलो.

बुवांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पडलेला पैलवान शेजारी पडलेल्या पैलवानाकडं बघतो, तसं बघितलं.

पुढच्या आठवड्यात ऋजुतानं पंचवीस पॅनल उतरवायला लावली. नकाशातली नऊ ठेवली. खोली जिवंत झाली. बुवांनी तिथं खालच्या पट्टीत बसून चार भजनं गायली, वरच्या सा च्या वाटेला न जाता. चांगली झाली म्हणतात. मी ऐकली नाहीत.

उतरवलेली पॅनल हातगाडीवर घालून मी घरी आणली. दुकानात ठेवायला जागा नव्हती. सुगंधानं गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "मागच्या खोलीत लावा. चारी भिंतींना. दारालासुद्धा."

"कशासाठी?"

"मला गायचंय."

माझे डोळे भरून आले. "अगं मग गा की! सगळ्या घरात गा! त्याला भिंती कशाला मढवायच्या?"

"तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि अभ्र्याला सुटलेला दोरा दातानं तोडला.

मी लावली. एकही पॅनल वाकडं बसलं नाही. ही पॅनल आवाज अडवत नाहीत, फक्त पितात, हे तिला मी सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला एकदा सांगायची रीत मी त्या दिवशी मोडली. शिवाय दाराखाली बोटभर फट मुद्दाम ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत गेली, कडी लावली, आणि मी बाहेर पाटावर बसून कान लावला. आधी फटीतून उजेड दिसत होता. मग आतून कापड सरकल्याचा आवाज आला आणि उजेड गेला. तिनं तिथं तिच्या आईचं जुनं इरकली लुगडं घडी घालून कोंबलं होतं. भिंतीतून नुसती गुणगुण तेवढी आली, सूर नाही.

सात वर्षं झाली. रोज दुपारी तासभर ती आत जाते. बाहेर आली की चेहरा न्हाऊन आल्यासारखा असतो. मी तिला काही विचारत नाही. दुकान बंद केलंय. लोक गोष्टी ऐकायला येतात, त्यांना पैलवानाची सांगतो, डासाची सांगतो. ही गोष्ट मात्र सांगत नाही.

पण उभा जन्म मी कापडात काढला आहे. इरकली सूत असलं तरी रोज घडी मोडून, रोज कोंबून किती दिवस टिकेल, ते मला कळतं. मधल्या घडीवर ते विरायला लागलंय. गेल्या महिन्यात उजेडाचा एक दोरा आतून बाहेर आला, केसाएवढा.

मी पाट दाराच्या आणखी जवळ सरकवला आहे.